सहीची गिटार

केशवसुत थोर की बालकवी, या प्रश्नावर मी वर्गातल्या मुलांना गेली अनेक वर्षे भांडत ठेवले आहे. आता ते माझ्याच मुळावर आले आहे. आमचे चिरंजीव बास गिटार वाजवतात आणि ऐन जेवणाच्या वेळी मला विचारतात, "बाबा, क्लार्क मोठा की जॅको?"

स्टॅन्ली क्लार्क आणि जॅको पॅस्टोरियस दोघेही १९५१ सालचे. गंमत अशी, की फेंडरची पहिली बास गिटारही त्याच वर्षी बाजारात आली. क्लार्क मूळचा उभ्या डबल बासचा. तो अंगठ्याने तारा अशा ठोकतो, की मागे बसणारा साथीदार एकदम बैठकीच्या मध्यभागी येऊन बसावा! जॅकोची तऱ्हाच निराळी. त्याच्या १९६२ च्या फेंडरला पडदे नव्हते. खाचा लांबीने बुजवून वर होड्यांना लावतात ते इपॉक्सी चढवलेले. पोलादी तारांनी लाकूड खाऊ नये म्हणून. पडदे गेले, तशी मींड आली. ती गिटार गाऊ लागली.

मला विचाराल, तर मार्कस मिलर. १९८६ च्या 'टुटू'मध्ये माइल्स डेव्हिसच्या ट्रंपेटमागे तो काय अदबीने थांबतो! चिरंजिवांच्या मते मी वयामुळे मध्यममार्गी झालो आहे.

या मंडळींच्या नावाची, त्यांच्या पसंतीच्या घडणीची वाद्ये निघतात. क्लार्कची अलेम्बिक, मिलरची एके काळी फेंडर. जॅकोची १९९९ साली निघाली. तेव्हा त्याला जाऊन बारा वर्षे झाली होती. चिरंजिवांना हवी होती तीच. किंमत ऐकून मी चष्मा पुसला आणि नाही म्हटले.

पुढच्याच आठवड्यात ते आपल्या स्वस्तातल्या गिटारचे पडदे स्वयंपाकघरातल्या सुरीने उपसताना सापडले. माझा तोल गेला. "एवढा जॅको कळतो, तर तो मेला कसा, तेही सांग!"

त्याला सारे ठाऊक होते. मनाचा आजार, रस्त्यावरचे दिवस, १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेलेली ती गिटार, आणि पुढच्या वर्षी फ्लॉरिडातल्या एका क्लबच्या दारात खाल्लेला मार. वय पस्तीस.

"माहीत आहे, बाबा. म्हणून वाजवायचंच नाही का?"

वर्गात मला उत्तर सुचले नाही, असे सहसा होत नाही. त्या रात्री त्याचेच इअरफोन लावून मी १९७६ ची 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' ऐकली. इथे बोट बहुतेक दाबायचे नाही, तारेला नुसते टेकवायचे. मग घंटेसारखे स्वर उमटतात. एकटी बास, दुसरे कोणी नाही. बायकोच्या नावाने केलेली रचना. शेजारच्या खोलीत पोरगा झोपला होता. दोनदा उठून मी त्याचे पांघरूण सारखे केले. सतरा वर्षांच्या घोड्याचे!

रविवारी आम्ही दोघे हार्डवेअरच्या दुकानात गेलो. लांबी, पॉलिश पेपर आणि इपॉक्सीचे दोन डबे. एक खाच माझ्या हातून जास्तच भरली गेली, ती त्याने न बोलता घासून काढली. गॅलरीत कसला वास येतो आहे, हे सौभाग्यवती अजून विचारते आहे.