मार्च संपला की काढू

दहावीचं वर्ष सुरू झालं आणि आमच्या घरातली आगगाडी बंद झाली. बाबांनीच बंद केली. ‘मार्च संपला की काढू’ म्हणाले. खऱ्या इंजिनाच्या १:८७ आकाराचं, १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणारं मॉडेल. ते त्यांनी इतक्या मायेनं बांधलं की विचारू नका! गिअरमध्ये शिवणयंत्राचं तेल सढळ हातानं, भोवती उशीतला फोम, वर चार डांबरगोळ्या आणि खोका थेट माळ्यावर. मार्च आला नि गेला. मग बारावी, सीईटी, हॉस्टेल...

परवा दिवाळीत खोका काढला. मधे रत्नागिरीचे सात पावसाळे गेले होते. फोमचा चिकट भुगा होऊन इंजिनाला बसलेला. तेलाचा डिंक झालेला, त्यात गिअर अडकलेले. पकड यावी म्हणून चाकांवर रबरी कड्या असतात, त्या तेलानं फुगून सैल झालेल्या. डांबरगोळ्यांच्या वाफेनं केबिनचं प्लास्टिक खडबडीत. बाबा नुसते बघत राहिले. लुब्रिकेशनच्या पेपरात पास झालेल्या माझ्याकडेही बोलायला काही नव्हतं.

तीन रात्री गेल्या त्यात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकेक दात साफ केला. चौथ्या दिवशी १२ व्होल्ट दिले तर पठ्ठ्या कण्हत कण्हत निघाला! नव्या कड्या मागवल्यात.

आता पुन्हा बांधायचं होतं, कारण जूनमध्ये मी नोकरीला चेन्नईला. या वेळी आधी दोन्ही दिशांना चालवलं, चाकं पुसली, आसांना सुईच्या टोकानं जेमतेम थेंबभर हलकं तेल. फोम नाही, छापील कागदही नाही; कोरा पातळ कागद. सोबत सुकवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. आणि माळा नाहीच, तिथं उन्हाळ्यात भट्टी असते. बाबांच्या कपाटातला मधला कप्पा.

‘आणि दर सहा महिन्यांनी दहा मिनिटं चालवायचं,’ मी बजावलं, ‘नाहीतर परत तेच.’

बाबांनी खोक्यावरची तारीख चष्मा वर करून वाचली.

‘एकट्यानं?’

मी खोका परत उघडला आणि रूळ मांडायला घेतले.