भर दुपारी बंद पडलेली रेल्वे

गेल्या उन्हाळ्यात बाबा शिकागोजवळच्या आमच्या घरी राहायला आले होते. त्यांची सारी नोकरी रुळांच्या देखभालीत गेली. व्हीटन गावातील पायवाटेवर संध्याकाळी फिरताना ते एकाएकी थांबले. “ही वाट माणसांनी चालून पडलेली नाही. एवढा मंद चढ आणि एवढं लांब वळण गाडीलाच लागतं,” ते म्हणाले. मी त्यांना वाटेबद्दल काहीच सांगितले नव्हते.

तिचे नाव इलिनॉय प्रेअरी पाथ. तेथे पूर्वी ‘शिकागो, अरोरा अँड एल्जिन’ ही विजेवर चालणारी रेल्वे धावत असे. महामार्गाच्या बांधकामापायी १९५३ मध्ये तिचा शिकागोच्या मध्यवस्तीत जाणारा मार्ग तुटला; वाटेत गाडी बदलावी लागू लागली, आणि प्रवासी पांगले. ३ जुलै १९५७ रोजी, न्यायालयाची परवानगी मिळताच, कंपनीने भर दुपारी प्रवासी वाहतूक थांबवली. सकाळी याच गाडीने शहरात गेलेल्यांना संध्याकाळी परतीची गाडी उरली नाही! मालगाड्याही दोन वर्षांत बंद झाल्या.

आपण इतिहासप्रेमी अशा ठिकाणी इंजिने आणि स्थानके शोधत बसतो. मला मात्र वाटते, येथला सर्वांत मोलाचा अवशेष जमीन हाच होता : गावामागून गाव जोडत गेलेली एक सलग, अरुंद पट्टी. तिचे दोन-चार तुकडे विकले जाऊन त्यांवर घरे उभी राहिली असती, तर ती पुन्हा सांधणे जवळजवळ अशक्यच होते.

हे वेळीच ओळखले मे थीलगार्ड वॉट्स यांनी. मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानाशी निगडित असलेल्या या निसर्ग-अभ्यासक तेव्हा सत्तरीच्या होत्या. १९६३ च्या सप्टेंबरअखेरीस ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये त्यांचे वाचकपत्र छापून आले. इंग्लंडमधील सार्वजनिक पायवाटांचा दाखला देऊन त्यांनी या जमिनीवर पायवाट मागितली, आणि बुलडोझर टपून बसले आहेत, हेही बजावले. पत्रापाठोपाठ संस्था उभी राहिली. १९६६ मध्ये ड्यूपेज काउंटीशी करार झाला. झुडपे तोडणे, कचरा उपसणे ही कामे स्वयंसेवकांनी केली. वाचकांची पत्रे कोण वाचतो, असे म्हणणाऱ्यांनी आज सुमारे शंभर किलोमीटरची असलेली ही वाट जरूर चालून पाहावी.

वीस वर्षांनी, १९८३ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने कायद्यातच तशी सोय केली : बंद पडलेला मार्ग भावी रेल्वेसाठी राखून ठेवायचा, आणि तोवर तेथे पायवाट करायची. प्रेअरी पाथ त्या कायद्याच्या आधीची. तरीही ही तरतूद ऐकून बाबा खूश झाले. “म्हणजे गाडी परत येऊ शकते तर!”

घरी येईपर्यंत ते पावले मोजत होते. स्लीपरच्या अंतराने चालण्याची त्यांची सवय अजून गेलेली नाही.