वाऱ्याचा स्पीड किती?

बारामती एमआयडीसीतल्या ऑफिसात ‘आमची शिडाची होडी आहे’ म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘इथं कुठाय समुद्र?’ समुद्र नाही, पण उजनीचं बॅकवॉटर आहे ना! भिगवणच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत पाणीच पाणी. पुण्याची मंडळी फ्लेमिंगोचे फोटो काढायला येतात. आम्ही तिघं मित्र, वर्गणी काढून घेतलेली सेकंडहँड होडी पाण्यात ढकलतो.

पण हे पाणी दिसतं तितकं गरीब नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्यातल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. तेव्हापासून ‘वारा बरा वाटतोय’ हे वाक्य आमच्याकडे बाद. आकडा हवा!

बजेट होतं दोन हजार. डोलकाठीच्या टोकावर बसणारी वायरलेस मॉडेल्स फक्त बघून घेतली. हातात धरायच्या मीटरमध्ये दोन प्रकार. वाट्यांचा मीटर वारा कुठूनही आला तरी फिरतो. छोट्या पंख्याचा मीटर मात्र वाऱ्याकडे तोंड करून धरावा लागतो, पण तो स्वस्त आणि खिशात मावणारा. आम्ही पंखा घेतला.

तुम्हीही घेणार असाल, तर बॅकलाइटबिकलाइट सोडा, दोनच गोष्टी बघा. एक, वेग नॉटमध्ये दिसतो का? (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.) दोन, ‘मॅक्स’ आणि ‘अ‍ॅव्हरेज’ दोन्ही दाखवतो का? होडी उलटवतो तो झोत, सरासरी नव्हे! शिडावरचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वारा १० वरून १४ नॉटवर गेला, की जोर जवळपास दुप्पट. आणि स्वस्त मीटरला पाणी सोसत नाही, म्हणून वापर झाला की झिपलॉक पिशवीत.

आणखी एक गंमत. चालत्या होडीत मीटर धरला, तर होडीचा वेगही त्यात मिसळतो. बाइकवर नाही का, वारा नसतानाही केस उडतात? म्हणून आम्ही किनाऱ्यावरच, मोकळ्या जागी, हात उंच करून दोन मिनिटं मोजतो. आमची होडी आणि आमचा सराव बघता लक्ष्मणरेषा १२ नॉटची. मॅक्स त्याच्या वर गेला, की होडी ट्रेलरवर आणि आम्ही भिगवणात मच्छी थाळीवर. पूर्वी ‘जायचं की नाही’ यावर अर्धा तास वाद व्हायचा. आता मीटर सांगतो आणि कुणाचा इगोही दुखावत नाही.

अर्थात, मीटर फक्त आत्ताचं सांगतो. वळवाचे ढग जमले असतील, तर आकडा ४ असला तरी उतरायचं नाही. आणि दोन हजारच असतील, तर आधी लाइफ जॅकेट. मीटर पुढच्या पगाराला!