आईबरोबर मुंबईत तीन दिवस

खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया होऊन चौदा महिने झाले होते. हाड उत्तम जुळले होते, डॉक्टर समाधानी होते, काठीच्या आधाराने आई घरभर फिरत होती. परंतु फाटकाबाहेर पाऊल टाकायला ती तयार नव्हती. पडण्याची भीती हीसुद्धा एक व्याधीच आहे, असे आमच्या फिजिओथेरपिस्ट बाई सांगत. भीतीपोटी माणूस चालणे कमी करतो, त्यामुळे स्नायू दुबळे होतात, तोल बिघडतो आणि मग तो खरोखरच पडतो. हे सारे आम्हां दोघींना तोंडपाठ होते. उपयोग मात्र काही होत नव्हता.

एके दिवशी दुपारच्या चहाच्या वेळी आई म्हणाली, "गिरगाव एकदा बघायला हवं." ती सत्त्याहत्तर वर्षांची, लग्न होऊन पुण्यास आली त्याला त्रेपन्न वर्षे झाली. ते ऐकताच माझ्या डोळ्यांपुढे गिरगाव आले नाही. जिने, उखडलेले पदपथ आणि परक्या जागेतले गुळगुळीत न्हाणीघर आले. तरी दुसऱ्याच दिवशी मी तिकिटे काढली. विचाराला आणखी वेळ मिळता, तर मीच माघार घेतली असती.

मोटारीपेक्षा रेल्वे बरी, हे आमचे आधीच ठरले होते. मोटारीत गुडघे दुमडून तीन-चार तास बसावे लागते आणि स्वच्छतागृहासाठी वाटेतल्या थांब्याची वाट पाहावी लागते. 'डेक्कन क्वीन' १ जून १९३० रोजी सुरू झालेली, पुणेकरांची लाडकी गाडी. सकाळी सव्वासातला निघते आणि साडेदहाच्या आत मुंबईत पोहोचवते. आणखी एक सोय पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला रूळ संपतात. त्यामुळे गाडीतून उतरल्यावर पूल चढावा लागत नाही. फलाटावरून सरळ चालत बाहेर पडता येते. दादरला उतरणे लॉजपासून सोयीचे असते, तरीही मी वृद्धांना शेवटपर्यंतच जा असे सांगेन.

उतरण्याच्या जागेसाठी मी दूरध्वनीवरून सगळीकडे तेच प्रश्न विचारले : कमोड आहे का, त्याच्या शेजारी धरायला दांडा आहे का, न्हाणीघराला उंबरा किती उंच, लिफ्टपर्यंत पायऱ्या किती? एका ठिकाणी "सगळं आहे, मॅडम" असे तत्काळ उत्तर मिळाले. ती जागा मी सोडून दिली. चर्चगेटजवळच्या एका साध्या लॉजमधला माणूस म्हणाला, "थांबा, बघून सांगतो." आम्ही तिथे उतरलो. दांडा नव्हता, पण नाही असे त्याने स्पष्ट सांगितले होते, म्हणून प्लास्टिकचे स्टूल, रबरी पायपुसणे आणि रात्रीचा छोटा दिवा मी घरूनच नेला.

गाडीत आई खिडकीशी बसली. या गाडीला जेवणाचा स्वतंत्र डबा आहे आणि तिथे बसून ऑम्लेट खाण्याची तिला फार हौस. पण धावत्या गाडीत डबे ओलांडणे शक्य नव्हते, तेव्हा जागेवरच मागवले. ऑम्लेट तिने संपवले, टोस्ट संपवला. पाण्याची बाटली मात्र ओठांना लावल्यासारखी करून परत दिली. ते मी पाहिले आणि विसरून गेले. लोणावळा मागे पडले, घाट सुरू झाला, आणि बोगदा आला की डोळे मिटायची लहानपणची सवय तिला अजून होती.

मुंबईला उतरल्यावर मी भीतभीतच व्हीलचेअरचा विषय काढला. पुण्याला तिने ती साफ नाकारली होती. इथे फलाटाच्या लांबीकडे एकवार पाहून ती मुकाट्याने बसली. "पाय गिरगावासाठी राखून ठेवते," म्हणाली. स्थानकाबाहेर येताच तिने खुर्ची थांबवायला लावली. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी इथूनच, बोरीबंदराहून, दादरला गेली होती. वडिलांचा हात धरून ती पाहायला आलेली शाळकरी मुलगी आता व्हीलचेअरमधून तोच रस्ता निरखत होती.

दुपारी विश्रांती घेऊन चारच्या सुमारास आम्ही चर्चगेटहून भुयारी मेट्रोने गिरगावला गेलो. लिफ्टने खाली, लिफ्टने वर. रस्त्यावर आल्यावर आईला काही क्षण दिशाच कळेना. मग एका गल्लीच्या तोंडाशी तिची पावले आपोआप वळली. मी तिचा डावा दंड घट्ट धरला होता. शे-दीडशे पावले गेलो असू, तोच तिचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला. "गरगरतंय गं," एवढेच ती म्हणाली.

जवळच्या दुकानाच्या ओट्यावर तिला बसवले. तिला मधुमेह असल्याने आधी साखर तपासली. ती ठीक होती. दुकानदाराने न विचारता तांब्याभर पाणी आणून दिले. त्याच्यासमोर नाही म्हणणे तिच्या स्वभावात नाही. थांबत थांबत का होईना, तिने ते सगळे प्यायले आणि पंधरा मिनिटांत तिला हुशारी आली. तेव्हा मी विचारले, सकाळपासून पाणी किती प्यायलीस? ती आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "सारखं बाथरूमला जावं लागलं की तुझीच धावपळ होते."

पहाटेपासून तिने दोन कप चहा आणि जेमतेम पेलाभर पाणी घेतले होते. म्हातारपणी तहानेची जाणीव मुळातच मंदावते. त्यात रक्तदाबाची गोळी लघवीचे प्रमाण वाढवणारी असेल, तर असा उपास केल्यावर उभे राहताच भोवळ येणे अगदी स्वाभाविक. (हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल, त्यांनी अर्थातच डॉक्टरांनी ठरवून दिलेले प्रमाण पाळावे. गोळीची प्रवासातली वेळही त्यांनाच विचारावी.) हे मला ठाऊक होते. औषधांचे दोन संच, साखरेचे यंत्र, खडीसाखरेची पुडी, सगळे मी बरोबर घेतले होते. पाण्याची बाटली भरलेलीच परत येते आहे, एवढे मात्र मी विचारात घेतले नाही.

आईची चाळ आता नाही. त्या जागी उंच इमारत उभी आहे. मला वाटले, ती रडेल. तिने मान वर करून मजले मोजायला सुरुवात केली आणि सोळाव्यावर नाद सोडला. "आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि शौचकूप गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला," ती सांगू लागली. "रात्री तिकडे जायची भीती वाटायची. म्हणून दिवेलागणीनंतर आम्ही मुली पाणीच पीत नसू." बोलता बोलता ती थांबली आणि माझ्याकडे पाहून थोडेसे हसली.

त्या रात्री तीनच्या सुमारास मला जाग आली, तर शेजारची खाट रिकामी. मी धडपडत उठले. आई न्हाणीघरातून बाहेर येत होती, एक हात भिंतीवर, दुसऱ्यात काठी. मी धावून तिचा दंड धरणार, तोच ती म्हणाली, "धरू नकोस. तू ओढतेस तेव्हा मला माझा तोलच कळत नाही. मी दोन मिनिटं खाटेवर बसून मग उठले आहे."

फिजिओथेरपिस्ट बाईंनीही हेच शिकवले होते : रुग्णाला आपण धरू नये, रुग्णाने आपल्याला धरावे. दुबळ्या बाजूला, अर्धे पाऊल मागे राहून आपला कोपर पुढे करावा. चौदा महिने मी माझ्या भीतीच्या सोयीने आईचा दंड धरत आले होते.

दुसऱ्या दिवशी वस्तुसंग्रहालयाचा बेत होता. आईने तो रद्द केला. मला थोडे वाईट वाटले, पण सहल तिची होती. सकाळी साडेसहाला आम्ही मरीन ड्राइव्हवर गेलो. रुंद, सपाट पदपथ, कठड्यावर हवे तिथे बसण्याची सोय, जानेवारीतला गार वारा. पडण्याचे भय बसलेल्या माणसाला चालण्यासाठी याहून बरी जागा या शहरात मला माहीत नाही. तिच्या उजव्या हातात काठी होती, कारण मोडलेला खुबा डावा. डावा हात तिने माझ्या कोपरात अडकवला. वेग तिचा, थांबे तिचे. तीन वेळा बसत बसत आम्ही अर्धा तास चाललो. चौथ्या वेळी कठड्याशी मला बसवून ती एकटीच पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत गेली आणि परत आली. तेवढ्या वेळात मी समुद्राकडे एकदाही पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परतीची 'डेक्कन क्वीन' पाच वाजून दहा मिनिटांनी सुटली. कल्याण मागे पडेपर्यंत आईने अर्धी बाटली संपवली होती. कर्जतला घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडतात, म्हणून गाडी तिथे जरा थांबते. ती थांबताच आईने काठी हाती घेतली.

"गाडी उभी आहे तोवर जाऊन येऊ," ती म्हणाली. "कोपर दे तुझा."