प्रथम आपण कोठें आहों ?

शाळेंतील संगणकांवर लिनक्स आल्यापासून लहान वर्गांतील मुलांस त्याच्या टर्मिनलची भीति वाटते. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक खूण, आणि चित्र एकहि नाहीं ! ही भीति प्रथम आम्हांसहि वाटली होती. म्हणून आमच्या एका फजितीची हकीकत येथें सांगतों.

हेल्सिंकी येथील विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स यानें १९९१ सालीं लिनक्सचा आरंभ केला. आज्ञांची धाटणी मात्र १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या युनिक्सची आहे. त्या काळीं आज्ञा मंदगति टंकयंत्रावरून द्याव्या लागत. म्हणून त्या दोनतीन अक्षरांच्याच ठेविल्या. 'पीडब्ल्यूडी' म्हणजे आपण कोणत्या कप्प्यांत उभे आहों तें सांग. 'एलएस' म्हणजे येथें काय काय आहे तें दाखीव. 'सीडी' म्हणजे अमक्या कप्प्यांत चल. तिच्यापुढें जागा सोडून दोन टिंबें दिलीं, तर एक पायरी वर चल. 'आरएम' म्हणजे पुसून टाक.

ही शेवटची आज्ञा आम्हांस भोंवली. या वार्षिकासाठीं आलेले मुलांचे निबंध आम्हीं एका कप्प्यांत ठेविले होते. त्यांतून 'जुने' या शब्दानें आरंभ होणाऱ्या प्रती काढावयाच्या होत्या. 'आरएम', मग 'जुने' व त्यास लागूनच तारका, असें लिहावयाचें. आमच्या हातून शब्द व तारका यांमध्यें जागा सुटली. एकट्या तारकेचा अर्थ 'येथील सर्व' असा होतो. 'जुने' नांवाचें कांहीं येथें नाहीं, एवढी तक्रार करून यंत्रानें बाकीचें सारें निमूटपणें पुसून टाकिलें. या आज्ञेस केराची टोपली नाहीं. गेलें तें गेलें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गापुढें अपराध कबूल केला. मुलांनीं निबंध पुन्हां लिहून दिले. एकजण मात्र हळूच म्हणाला, "सर, पहिला अधिक चांगला होता." तें वाक्य अद्याप बोचतें.

एदेन बागेंत देवानें आदामास केलेला पहिला प्रश्न त्याच्या ठिकाणाविषयींच होता. कांहीं पुसण्यापूर्वीं आतां आम्हीहि 'पीडब्ल्यूडी' व 'एलएस' यांच्या योगें स्वतःस तोच प्रश्न करितों. 'आरएम'पुढें उणे चिन्ह व 'आय' हें अक्षर लिहितों, म्हणजे यंत्र प्रत्येक वेळीं आधीं विचारतें. आज्ञेचा अर्थ न कळल्यास तिच्या नांवापूर्वीं 'मॅन' लिहून तिची माहिती वाचतों.

बालमित्रहो, यंत्र तुमचें मन जाणत नाहीं. तें तुमचा शब्द तेवढा पाळतें. भीति बाळगूं नका. परंतु आज्ञा करण्यापूर्वीं आपण कोठें उभे आहों तें पहा.