पोलादाच्या पोटातल्या रेषा

दमास्कस पोलादाची सुरी हातात घ्यावी आणि पातं उन्हाकडे थोडं कलतं करावं. काळ्या आणि रुपेरी रेषा जाग्या होतात, धारेकडे धावतात, वळतात, एखाद्या गाठीभोवती गोल फिरून पुन्हा सरळ होतात. मला या पात्यांचं वेड आहे. ही नक्षी वरून कुणी काढलेली नसते. ती पात्यात आरपार असते, म्हणून दिसते.

लोहार दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या घेतो. एक भरपूर कार्बनचं, साधं, १०८४ क्रमांकाचं. दुसरं १५एन२०. त्यात सुमारे २ टक्के निकेल असतं आणि लाकडाच्या वखारीतल्या पट्टी-करवती त्याच्या बनतात. या पट्ट्या आळीपाळीने एकावर एक रचून भट्टीत जातात. त्यांवर टाकणखार पडतो, वितळतो, आणि तापल्या धातूला हवा लागू देत नाही. पोलाद पिवळंजर्द झालं, बाराशे अंशांच्याही वर गेलं, की ठोका द्यायची वेळ येते. पहिले ठोके हलकेच मारायचे असतात, कारण थर अजून एकमेकांचे झालेले नसतात. मग घण मोकळा सुटतो. इथे ना खिळा, ना डाग, ना धातूचा रस. घन स्थितीतच एक पोलाद दुसऱ्याला कायमचं बिलगतं. जोडलेला ठोकळा ठोकून लांबवायचा, तोडायचा, तुकडे पुन्हा एकावर एक रचायचे, पुन्हा भट्टी. १५ थरांचे ३०, मग ६०, १२०, २४०. मधल्या एखाद्या सांध्यात मळ अडकला, तर पुढची सगळी मेहनत त्या भेगेवर उभी राहते, आणि ती भेग बहुधा शेवटच्या घासणीतच तोंड वर काढते.

एवढं होऊनही नक्षी नसते. थर सपाट, एकमेकांना समांतर; वरून पाहिलं तर फक्त सगळ्यात वरचा दिसणार. आता लोहार त्या एवढ्या कष्टाने जोडलेल्या ठोकळ्याला मुद्दाम इजा करतो. उथळ खड्डे पाडतो आणि ठोकून सपाट करतो, तेव्हा खालचे थर गोल कड्यांसारखे वर येतात. आडव्या खाचा पाडल्या तर शिडीच्या पायऱ्या उमटतात. लाल ठोकळ्याला पीळ दिला तर तारे आणि भोवरे. सह्याद्रीत हेच झालेलं आहे: लाव्ह्याचे थर एकावर एक बसले, आणि पठारावर उभं राहिलं तर पायाखाली नुसता कातळ, दरी पडली, कडा उघडा झाला, तेव्हा कुठे थरांवर थर दिसले.

मला सगळ्यात जास्त मोहवणारी गोष्ट तर डोळ्यांना दिसतच नाही. त्या भयंकर उष्णतेत कार्बन एका जागी थांबत नाही. तो थरांच्या सीमा ओलांडतो आणि काही तापांतच दोन्ही पोलादांत जवळजवळ सारखा पसरतो. निकेल मात्र फारसं हलत नाही. म्हणून पाणी दिल्यावर पातं जवळपास एकाच कठीणपणाचं होतं, पण रंग दोन राहतात. शेवटी फेरिक क्लोराइडच्या द्रावात बुडवलं की साधं पोलाद खाल्लं जाऊन काळवंडतं, निकेलवालं उजळ राहतं. कठीण आणि मऊ थर आलटून पालटून आल्यामुळे ही सुरी अधिक चांगली कापते, असं विकणारे सांगतात. ते खरं नाही. त्याच पोलादाची बिननक्षीची सुरी तितकीच कापेल. ही नक्षी डोळ्यांसाठी आहे, आणि एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

एके काळी मात्र थर जोडण्याला गरजेचीही बाजू होती. युरोपातल्या लोहारांना लहान भट्टीतून मिळणारं लोखंड थोडं आणि कमीजास्त गुणाचं असे. ते जोडून, पिळून तलवारी बनत. १९३९ साली इंग्लंडमधल्या सटन हू इथे उकरलेल्या राजेशाही दफनातली तलवार गंजून गेलेली आहे, तरी क्ष-किरणांनी तिच्या पात्यातले पीळ दाखवले. जुन्या दमास्कस तलवारींची कुळकथा वेगळी. त्यांचं पोलाद दक्षिण भारतात, तेलंगणासारख्या मुलखात, बंद मुशीत शिजवलं जाई, आणि त्यातली लहरदार नक्षी धातू थंड होताना व पुढे ठोकताना आपोआप आकार घेई. नाव एक, वाटा दोन, दोन्ही थोर.

आजच्या सुऱ्यांतली ही कला पुन्हा उभी राहिली ती अमेरिकेत. मेरीलँडचे बिल मोरान यांनी १९७३ साली आपल्या दमास्कस सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या आणि १९७६ मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन झाली. तिथे ‘मास्टर’ होऊ पाहणाऱ्याची परीक्षा मला फार आवडते. किमान ३०० थरांचं पातं स्वतः घडवायचं. त्याने लोंबता, इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा, लाकडाची जाड फळी दोनदा तोडायची, तरीही धारेने हातावरचे केस उतरले पाहिजेत. मग तेच पातं शिकंजात आवळून काटकोनात वाकवायचं. तुटलं तर नापास. पास झालं तरी पातं कामातून गेलंच. सौंदर्याची एवढी कडक झडती घेणारे लोक मला आपले वाटतात.

बाजारात मात्र लेझरने रेषा कोरलेल्या सुऱ्याही ‘दमास्कस’ म्हणून खपतात. ओळखायचं असेल तर पात्याची पाठ पाहावी. खऱ्या पात्यात बाजूची रेषा पाठीवरून वळून पलीकडे उतरते. खोट्यात ती कडेशीच थांबते. आणखी खात्री हवी असेल, तर थोडी जागा घासून पुन्हा द्राव लावावा. खरी नक्षी परत येते, आणि खोल घासलं असेल तर जराशी बदलून येते, कारण आता खालचे थर वर आलेले असतात. ही सुरी लिंबाने डागाळते, ओली ठेवली तर गंजते. कापून झालं की लगेच पुसावी, तेलाचं बोट फिरवावं. पण काचेच्या कपाटात ठेवू नये. रोजचा कांदा तिनेच चिरावा.