बारा बारशी

1960च्या दशकात कोकणातल्या घरात मे महिन्यात पोरं किती जमलीत, हे कुणी मोजत नसे. पानं किती मांडायची, एवढंच स्वयंपाकघरातून विचारलं जाई. आमच्याकडे पहिली पंगत पोरांची. ती ओटीवरून वळून पडवीत जायची आणि मोठी काकू कोण कुणाचं हे न बघता वाढत सुटायची. मुंबईची, पुण्याची, गावातली, शिवाय मावशीच्या दिराची दोन. ती दरवर्षी कशी काय यायची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. माजघरातला पाळणा कडीवरून कधी उतरतच नसे. एक बाळ पायावर उभं राहतंय तोवर दुसऱ्याची दुपटी वाळत पडलेली.

आजीची नऊ बाळंतपणं. जगले सहा, तीन मुलगे आणि तीन मुली. गेलेल्यांची नावं ती घेत नसे; "मधला एक गेला, त्याच्या पाठीवरचा हा," एवढंच. तिच्या लहानपणी जन्म पुष्कळ आणि मरणंही पुष्कळ. 1918ची इन्फ्लुएंझाची साथ अशी की 1911 ते 1921 ह्या दशकात देशाची लोकसंख्या चक्क घटली. पुढे लशी आल्या, डीडीटी आलं, पेनिसिलीन आलं. पोरं जगू लागली. जन्मायची मात्र पूर्वीसारखीच. आमची पंगत लांबली ती त्यामुळे. 1971च्या जनगणनेत देशातली 42 टक्के माणसं पंधरा वर्षांखालची होती, आणि त्यांत आम्ही सगळे होतो.

तोवर एसटी स्टँडच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला होता, 'हम दो हमारे दो' आलं होतं. नर्सबाई घरी आल्या की आजी त्यांना चहा द्यायची आणि म्हणायची, "मला सांगायला उशीर केलात हो!" काकवा तोंडाला पदर लावून हसायच्या. पण ऐकत होत्या, आणि त्यांच्या सुनांनी तर मनावरच घेतलं. आमच्या पिढीत बहुतेकांनी दोनावर थांबवलं.

मग बारशी निम्मी व्हायला हवी होती. झाली नाहीत. आमच्या घराचाच हिशेब घ्या. आजीच्या तीन सुना, प्रत्येकीला चार मुलं, म्हणजे बारा बारशी. त्या बारांतले सहा मुलगे. त्यांची लग्नं होऊन सहा नातसुना आल्या. प्रत्येकीला दोनच मुलं, तरी पुन्हा बाराच. मुलं निम्मी झाली तेव्हा आया दुप्पट झाल्या होत्या. त्यात वरच्या पिढीतली जाणारी माणसं मोजकी. येणारे बारा आणि जाणारे दोन-तीन, मग घर वाढणारच! नाथन कीफिट्झ ह्या लोकसंख्याशास्त्रज्ञाने 1971 साली नेमकं हेच गणित मांडलं: जननदर उतरला तरी तरुणांचा भरणा असलेला देश कित्येक दशकं वाढतच राहतो. 1971ला आपण 54.8 कोटी होतो, 2011ला 121 कोटी. त्यातली पुष्कळशी वाढ आमच्या पंगतीत आधीच बसलेली होती. आणीबाणीत नसबंदीची जबरदस्ती करणाऱ्यांना हे कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं.

ह्या गणिताला एक गोष्ट मात्र दिसत नाही: मुंबईची गाडी. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ते 2011मध्ये सुमारे 17 लाखांवरून 16.15 लाखांवर आली. जन्म थांबले नव्हते, पण तरुण माणसं निघून गेली होती. आमच्या घरातलीही.

दुसरी अडचण वयांची. आजीला वय विचारलं की "प्लेग ओसरल्यावरची मी" असं उत्तर मिळे, आणि गणतीदार गुरुजी पन्नास लिहून मोकळे होत. घरोघरी तेच चाले. म्हणून आपल्या जनगणनांत शून्य आणि पाचावर संपणाऱ्या वयांची माणसं भलतीच जास्त भरतात आणि अभ्यासकांना ते आकडे सारखे करून घ्यावे लागतात.

आता पारडं फिरलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21च्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 निघाला, म्हणजे बाईमागे सरासरी दोनाहूनही कमी मुलं. आजीच्या त्या बारा पतवंडांच्या पिढीत एकावर थांबणारी घरं बरीच आहेत, तेव्हा ह्या खेपेला बारशी खरोखर निम्म्यावर येतील. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे देश 2060च्या दशकापर्यंत वाढत जाऊन 170 कोटींच्या आसपास पोचेल, मग उतरू लागेल. तोपर्यंत सर्वांत लांब पंगत आमची असेल, म्हाताऱ्यांची. औषधं, पेन्शन, सोबतीला माणूस, ह्याची तजवीज आजच करता येते, कारण आम्ही किती असू ते आजच माहीत आहे.

2027ची जनगणना येते आहे. घरात कुणी "लिहा साठ" म्हणणारं असेल, तर शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, जुनी वही, काय मिळेल ते धुंडाळा आणि खरं जन्मसाल सांगा.